मालासोबतचा माणूस

३ फेब्रुवारी

चिमणे,

आशीर्वाद आहेतच असं समज. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितेय. शिवाय आमच्या वकीलबाईंनी सांगितलंय, जे काय मागायचं ते कागदावर मागा.

त्या अपघातात हे गेले, त्याला आठ महिने झाले. भरपाईचा दावा लावलाय, ते तुला माझ्या लेकीकडून कळलंच असेल. ती तुला सगळं सांगते. टेम्पोच्या विमा कंपनीचं उत्तर आलंय आणि तिने चक्क हात वर केलेत. म्हणे टेम्पो मालाचा, माणसं न्यायचा नव्हे. मयत इसम त्यात फुकट बसला होता आणि अशा माणसाची जबाबदारी आमच्यावर नाही. बावीस वर्षं लोकांची छापखान्याची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस शेवटी कागदोपत्री फुकट्या ठरला बघ.

वकीलबाई म्हणतात, एकच वाट आहे. माणूस आपला माल घेऊन चालला असेल, तर कंपनी सुटत नाही. नाहीतर निकाल लागणार एकट्या टेम्पोवाल्यावर. त्याच्याकडून काय घेणार? टेम्पो भंगारात गेला आणि तो स्वतः कुबड्यांवर आहे. मग लेकीचं नर्सिंगचं राहिलेलं दीड वर्ष मी चष्म्याच्या काचा घासून कसं पुरं करायचं, ते सांग.

माल म्हणजे ते कागद कापायचं मशिन. सध्या तुझ्याकडे आहे. पोलिसांनी ते तुलाच कसं दिलं हे मी तेव्हा विचारलं नाही, कारण तेव्हा मी काहीच विचारत नव्हते. त्याचा जो काही कागद असेल तो पाठव. हे मला म्हणाले होते, एका गिऱ्हाइकाचं आहे. पण मला वाटतं, यांनीच ते भंगारातून उचललं असणार. तीन महिन्यांचे रविवार त्याच्यात घातले. वर हिरवा रंग दिला. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला मी चार वर्षं रंग मागत होते.

माणूस गेला आणि मशिनचा नुसता एक टवका उडाला.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. हाताचा सरस नीट निघाला नाही, म्हणून पत्राला डाग पडलाय. रागावू नकोस. त्याहून मोठ्या गोष्टीला रागवावं लागणार आहे, तेव्हा राग जरा जपून ठेव.

मशिनची पावती सोबत जोडलीय. तिच्यावर माझं नाव आहे. एक बंद पडलेला छापखाना सामान विकत होता, तिथून मी ते घेतलं. पातं बोथट, दांडा वाकलेला. माझ्या बाइंडिंगच्या दुकानाला पंधरा वर्षं असं मशिन हवं होतं. हातकरवतीने पुस्तकांच्या कडा कापून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा मोठा झालाय, तूच चेष्टा करतेस. भाऊजींना विचारलं, ते म्हणाले आणून टाक, बघतो.

तुला सांगू नको असं ते म्हणाले होते. मी नाही सांगितलं. चूक झाली.

पोलिसांना मशिनला बांधलेल्या चिठ्ठीवर माझा पत्ता सापडला, म्हणून त्यांनी सही घेऊन माझ्या ताब्यात दिलं. कोर्टात यायचं तर मी येईन. जे झालं तेच सांगेन. मला बोलव.

मशिन मी अजून एकदाही चालवलेलं नाही.

तुझी चिमणी


१५ फेब्रुवारी

चिमणे,

पावती मिळाली. नीट घडी घालून परत पाठवतेय. ही मला कोर्टात दाखवायची नाही.

म्हणजे ते 'गिऱ्हाईक' तू होतीस तर. मी रविवारी दुपारी जेवायला हाक मारायची आणि हे वर्कशॉपमधून ओरडायचे, "आलो, आलो, गिऱ्हाइकाची घाई आहे!" भाजी दोनदा गरम करायची मी. आणि गिऱ्हाईक कोण? माझीच पाठची बहीण! कानामागून आली आणि तिखट झाली असं आई तुला लाडाने म्हणायची. मी तेव्हाही लाडाने म्हणत नव्हते.

आता मनात आहेच तर ऐक. तू आलीस की हे हसायचे. तू काय सांगायचीस? कुठल्या तरी प्राध्यापकाचा प्रबंध उलटा बांधला गेला आणि तो त्याला सहा महिने कळलाच नाही. यावर हे खांब धरून हसले होते. मी त्याहून बरे किस्से दुकानातून घेऊन यायची. एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन चष्मा हरवला म्हणून तक्रार करायचे, चष्मा कपाळावर. यावर आमचे हे म्हणाले, "हं." बावीस वर्षांत मला मिळालेले 'हं' मोजले, तर तुझं दुकान भरेल.

लपवायचं कारणच काय होतं? बायकोपासून माणूस काय लपवतो?

मी कोर्टात सांगणार, मशिन यांचं होतं. माझ्या नवऱ्याचं. ते स्वतःचा माल विकायला निघाले होते. संपलं. कंपनीलाही तेच लागू पडतं आणि मलाही. तुझी साक्ष नको. तुझं नावसुद्धा त्या कागदांत नको.

ताई


२ मार्च

ताई,

तुझं पत्र दहा-बारा वेळा वाचलं. बोलायचं ते बोललीस, बरं झालं. पण दाव्याचं ऐक, मग मला पुन्हा शिव्या दे.

मशिन त्यांचं होतं असं सांगू नकोस. पंचनाम्यात माझं नाव आहे. ताबापावतीवर माझी सही आहे. कंपनीच्या वकिलाला दुसरं काय हवं? तू खोटी पडलीस की सुंठीवाचून त्यांचा खोकला जाईल.

आणि खोटं बोलायची गरजच नाही. माझ्याकडे वकिलांची निकालांची जाडजूड पुस्तकं बांधायला येतात, तुला माहीत आहे. शिवताना मी वाचते, वाईट सवय. या वेळी मुद्दाम धुंडाळलं. वरच्या कोर्टांचं म्हणणं साधं आहे. मालाच्या गाडीत कुणीही हौशीने बसला, तर विमा कंपनी जबाबदार नाही. पण मालाचा मालक बसला असेल, किंवा मालकाने मालासोबत पाठवलेला माणूस बसला असेल, तर आहे. अट एवढीच की तो खरोखर मालासाठी बसलेला हवा. भाऊजी पुढे केबिनमध्ये होते, मागे माझा माल होता. मी मालकीण. मी साक्षीला उभी राहून म्हणायचं, ते माझ्या वतीने मशिन घेऊन येत होते. वकीलबाईंना विचार.

एक कागद मात्र हवा. भाऊजी प्रत्येक कामाचं एक पिवळं कार्ड करायचे, कुणाचं मशिन, काय करायचं, कुठे पोचवायचं. घरच्या कात्रीला धार लावली तरी कार्ड! आपण हसायचो त्यांना. माझ्या मशिनचंही केलंच असणार. वर्कशॉपमध्ये खिळ्याला अडकवलेला गठ्ठा आहे, त्यात बघ. त्यांच्या हातचं लिहिलेलं असेल, तर माझ्या शंभर शब्दांना भारी पडेल.

तुझ्या लेकीसाठी तरी बघ, ताई.

चिमणी


२८ मार्च

चिमणे,

माझा उलटतपास झाला. तुला आनंद होईल.

मी सांगितलं, मशिन यांचं. कंपनीचा वकील मऊ बोलणारा आहे, तसले फार वाईट. त्याने पंचनामा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही चष्म्याच्या दुकानात काम करता ना? मग एवढी ओळ वाचून दाखवा." मी वाचली. तुझं नाव, तुझा पत्ता. मग विचारलं, "या तुमच्या कोण?" मी म्हटलं, बहीण. "म्हणजे तुमचा नवरा तुमच्या बहिणीकडे चालला होता आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. "मग तो गाडीत कशासाठी बसला, हेही तुम्हाला ठाऊक नसणार. सहज भेटायलाही चालला असेल, नाही का?"

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी मला जिन्यातच झाडलं. "तुमच्या बहिणीचं नाव तुम्ही मला का सांगितलं नाही? बाई, कायद्यात रागाची भरपाई नसते!" चहासुद्धा न पिता निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, मालकिणीची साक्ष आणि एखादा जुना कागद मिळाला तर बघू, नाहीतर कंपनी सुटली म्हणून समजा. म्हणजे तू बोललीस तेच त्याही बोलल्या. त्याचाही मला राग आला.

कार्ड शोधलं. सापडलं नाही.

आता मला एकच सांग. तुमच्या दोघांत काय होतं? होतं तर हो लिही, नव्हतं तर नाही लिही. विनोद करू नकोस. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. लेक झोपेत वडिलांना हाका मारते आणि मी शेजारी पडून तुझा विचार करत असते, असं माझं झालंय.

ताई


३ एप्रिल

ताई,

नाही.

काही असतं तर तुला खरं सांगितलं असतं, असा आव आणत नाही. कदाचित लपवलंच असतं. पण नव्हतं. भाऊजींना माझे किस्से आवडायचे, मी वर्षातून चारदा यायचे म्हणून. रोज असते तर मलाही 'हं' मिळाला असता.

लपवायचं कारण विचारतेस. मी आजवर लिहिलं नाही, कारण ते ऐकून तुला लागेल. ते म्हणाले होते, "तुझ्या ताईला कळलं की तुझ्यासाठी रविवार घालतोय, तर आठवडाभर घरात भांडी आपटतील. मशिन एकदा तुझ्याकडे लागलं की मीच सांगेन, तोवर गप्प बस." एवढंच. घाबरत होते तुला. खिडकीच्या रंगाचंही तसंच. मशिनला आणलेला रंग अर्धा डबा उरला होता. मी म्हटलं, ताईची खिडकी रंगवून टाका ना. तर म्हणाले, "लगेच विचारेल हा हिरवा कुठून आला. पुढच्या वर्षी बघू."

आणि आता माझं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

भाऊजी येणारच नव्हते. टेम्पोवाला मशिन पोचवेल, ते स्वतः सवडीने येऊन बघून जातील, असं त्यांचं ठरलं होतं. मी हट्ट धरला. म्हटलं, तुम्हीच सोबत या, बसवून द्या, चालवून दाखवा, मला काय कळतं त्यातलं? ताई, मला सगळं कळतं. चार बोल्ट तर लावायचे होते. मी डोळे मिटून लावले असते.

मला हवं होतं की एक दिवस कुणीतरी माझ्याकडे, माझ्या कामासाठी यावं. माझ्या दुकानात उभं राहून म्हणावं, वा, छान चाललंय तुझं. तुझ्या घरी मी यायचे तेव्हा तू त्यांच्या पुढ्यात ताट सरकवायचीस, न बघता, न बोलता, आणि ते न बघताच जेवायला लागायचे. ते मला खुपायचं. तू माझ्यावर जळतेस हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी तुझ्यावर जळते हे तुला कधी कळलंच नाही, कारण मी किस्से सांगत होते.

माझ्या हट्टापायी ते त्या टेम्पोत बसले. साक्षीला उभी राहिले तर मला हेच म्हणायचंय: मी बोलावलं म्हणून ते आले. कायद्याला हेच वाक्य लागतं. दहा महिने तेच माझ्या घशात अडकलंय.

बोलव किंवा बोलवू नकोस.

चिमणी


८ एप्रिल

चिमणे,

कार्ड आहे. माझ्याकडेच आहे.

फेब्रुवारीत तुझी पावती परत पाठवली त्याच्या आधीच सापडलं होतं. खिळ्यावरच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर. कपाटात साड्यांखाली कागद अंथरलाय, त्याच्या खाली घातलं. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा काढून पाहिलं आणि पुन्हा घातलं. तुला खोटं लिहिलं. वकीलबाईंनाही सांगितलं नाही. का, ते कार्ड पाहशील तेव्हा कळेल. सगळ्या गिऱ्हाइकांची यांनी पूर्ण नावं लिहिलीत. तुझ्या कार्डावर लिहिलंय, 'मालकीण: चिमणी'.

खाली आहे, 'सोबत जाऊन बसवून, चालवून देणे. मजुरी: घेणे नाही.'

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात म्हणे. मी लेकीचं नाक कापायला निघाले होते. वकीलबाई सतरा तारखेला बोलावतायत. आदल्या दिवशी ये. इथेच उतर. पांघरूण स्वतःचं आण, जास्तीचं धुवायला काढलंय.

ताई


२० सप्टेंबर

चिमणे,

निकाल लागला. कंपनीला भरायचंय, सगळी भरपाई, अर्ज केल्या दिवसापासूनच्या व्याजासकट. कंपनी वरच्या कोर्टात जाईल अशी कुणकुण आहे, पण वकीलबाई म्हणतात जाऊ देत, कार्ड आहे ना. टेम्पोवाला कुबड्या टेकत भेटायला आला आणि रडला. लेकीने त्याला पाणी दिलं. मला त्याचा राग येत नाही, बघ. सगळा तुझ्यावर खर्च झाला असावा.

तू साक्ष दिलीस त्या दिवशी मी तुझ्याशी धड बोलले नाही. आज लिहिते. कंपनीच्या वकिलाने कार्ड वर धरून विचारलं, "ही चिमणी कोण?" आणि तू, त्रेचाळीस वर्षांची, एक खांदा वर एक खाली, म्हणालीस, "मी." सगळं कोर्ट हसलं. साहेबसुद्धा. त्या क्षणी मला इतका जळफळाट झाला की विचारू नकोस. इथेही हिलाच हसतात! मग त्याने विचारलं, "मजुरी नाही, म्हणजे नातेवाईक फुकट फिरायला निघाला, असंच ना?" आणि तू म्हणालीस, "नाही हो. त्यांना यायचं नव्हतं. मी बोलावलं. मीच हट्ट धरला. मी गप्प बसले असते तर ते आज घरी असते." कुणीही हसलं नाही. साहेबांनी लेखनिकाला सांगितलं, हे जसंच्या तसं घ्या. तुझे हात कठड्यावर होते आणि नखांत सरस होता. मला उठून तुझ्याजवळ यावंसं वाटलं. आले नाही. रात्री जेवताना तुझ्या ताटात न विचारता वाढलं, ते तुझ्या लक्षात आलं का ते माहीत नाही.

निकालाची प्रत आणलीय. बत्तीस पानं. सातव्या पानावर एक वाक्य आहे, ते मला पाठ झालंय. 'मयत इसम हा फुकट प्रवासी नसून, मालाच्या मालकिणीच्या सांगण्यावरून व तिच्या वतीने, तिचा माणूस म्हणून मालासोबत प्रवास करीत होता.' तिचा माणूस! शिक्क्यासकट. लेकीचं शिक्षण याच एका वाक्यावर होणार आहे. बावीस वर्षं माझा होता तो माणूस आणि सरकारी कागदावर शेवटच्या दिवशी तुझा. मी हे वाक्य वाचते, चिडते, आणि मग लेकीच्या भरायच्या फीचा कागद बघते.

परवा वर्कशॉप रिकामं केलं. ड्रिल मशिनच्या मागे तो डबा होता. वर साय धरलेली, खाली रंग अगदी ताजा. मी स्टुलावर चढून स्वयंपाकघराची खिडकी रंगवली. दोन हात पुरले. लेक म्हणाली, "आई, हा तर मावशीच्या मशिनचा हिरवा." म्हटलं, माहीत आहे.

आता रोज सकाळी चहा करताना तुझं मशिन माझ्या डोळ्यांसमोर.

प्रत सोबत पाठवतेय. कंपनीवाले वरच्या कोर्टात गेले तर हाताळून फाटेल, म्हणून बांधून दे. कापड हिरवं नको. कडा त्याच मशिनवर काप. आता चालव ते. यांनी धार लावलेलं पातं सव्वा वर्ष तसंच पडून आहे, गंजेल. पण समासाला जास्त छाटू नकोस. सातव्या पानाच्या समासात मी पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, ते जाईल.

तू वाचशीलच, तुला ती वाईट सवय आहे. म्हणून इथेच सांगते. लिहिलंय, 'दोघींचा'.

ताई